दादा, तू पडत होतास का?

जठारपेठ, अकोला
११ सप्टेंबर २०२४

दादा,

'तीर्थरूप दादास' असं लिहून खोडलं. सहा वर्षांनी पहिलं पत्र आणि त्यात मी भांडणार आहे. वर तीर्थरूप आणि खाली भांडण हे बरं दिसत नाही. फोन तू उचलत नाहीस. इंदूरचा पत्ता आखाड्यातल्या देवमनभाऊंनी दिला, तोही बाबांना सांगायचं नाही या अटीवर. म्हणजे पत्र सुरू करायच्या आधीच एक लपवाछपवी माझ्या डोक्यावर बसली आहे.

प्रश्न एकच आहे. तू पडत होतास का?

कशाबद्दल, ते तुला कळलं असेल. तरी नीट लिहिते, नाहीतर कळलं नाही म्हणून मोकळा होशील. मी चौथीत असल्यापासून दर दसऱ्याला आपल्या आखाड्याची ट्रॉली चौकात थांबायची. गादी अंथरायचे. तू माझं मनगट धरायचास. मी वळून तुझा हात खांद्यावर घ्यायची, कमरेत वाकायची आणि तुला पाठीवरून गादीवर आपटायची. धोबीपछाड. शिट्ट्या पडायच्या. बाबा भोंग्यावरून ओरडायचे, "नत्थुजी वस्तादची पोरगी हाय, पाहून घ्या!" मी अठरा वर्षांची झाले तोवर हे चाललं. तुझ्या वजनाचा विचार मी कधी केला नाही. चौथीतल्या मुलीने नाही केला तर ठीक आहे, पण मी बी.पी.एड. केलं आहे.

गेल्या गुरुवारी, शिक्षक दिनाला, शाळा सुटल्यावर मी आणि रागिणी सोबत निघालो. रागिणी माझी नववीतली विद्यार्थिनी. मी इथल्या शाळेत मुलींना स्वसंरक्षण शिकवते, हे तुला देवमनभाऊंनी सांगितलं असेलच. एक माणूस पावसाळ्यापासून तिच्या मागे आहे. त्या दिवशी त्याने मोटारसायकल आडवी लावली आणि तिच्या दप्तराचा पट्टा धरला. मी मध्ये गेले. त्याने माझं मनगट धरलं.

दादा, अगदी तू धरायचास तसंच धरलं. लिहायला लाज वाटते, पण मला क्षणभर आनंद झाला. वाटलं, गेला हा आता. मी वळले, हात खांद्यावर घेतला, वाकले.

काहीच झालं नाही. तो माझ्या पाठीवर पोत्यासारखा नुसता टेकून उभा राहिला. माझ्या कानाशी म्हणाला, "हे काय करून राहिल्या मॅडम?" तो चिडवत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. मग त्याने मला ढकललं आणि मी एका घराच्या पायरीवर पडले. रागिणी किंचाळली, लोक बाहेर आले, तो निघून गेला. मला ओठाला थोडं खरचटलं, बाकी काही नाही.

चौकीत तक्रार द्यायला गेले. तिथल्या शिपायाने लिहून घेता घेता विचारलं, "मॅडम, तुम्ही तं हेच शिकवता ना?" रागिणीचे वडील म्हणाले, तिचं नाव कागदावर नको. मग माझ्या एकटीच्या नावाने अर्ज दिला. समज देऊ म्हणाले.

जुलैपासून मी तीस मुलींना तो डाव शिकवते आहे. म्हणून विचारते. हो की नाही, एवढंच लिही.

प्रणाली


अमरावती
१६ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं समजून हे दुसरं लिहिते. पोचलं असेल आणि तू लिहीत नसशील, तर तेही एक उत्तर आहे, पण मी ते धरत नाही.

मागच्या पत्रातली दुरुस्ती. ओठाला खरचटलं नाही, टाके पडले आहेत.

रविवारी घरी आले. आईने तोंड पाहिलं आणि गॅस बंद करून खाली बसली. बाबांनी मात्र आधी पाय विचारला. "उजवा पाय कुठं होता तुहा?" मी दाखवलं. "मंग पाय चुकला असन. डाव नाई चुकत, बेटा." सहा वाजता आखाड्यात सगळी पोरं आली तेव्हा मला कुस्तीच्या मातीच्या हौदात उभं केलं. म्हणाले, कर.

पहिल्या पोराने हात धरला. मी वळले, तो पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला मी पूर्ण वळलेही नव्हते, तो आधीच हवेत होता. बाबा म्हणाले, "पाहिलं? येते न तुले!"

मी देवमनभाऊंना बोलावलं. तू पाहिलंस तेव्हापेक्षा ते आता दुप्पट झाले आहेत, शंभर किलो असतील. त्यांना हळू सांगितलं, "भाऊ, पडू नका."

"नाई पडत ताई."

मी वळले. ते पडले. असे पडले की मातीचा धुरळा उडून बाबांना खोकला आला.

"भाऊ, मी काय म्हटलं तुम्हाला?"

"हाव ताई, आता नाई पडत."

परत पडले. पोरं टाळ्या वाजवत होती. दादा, मला तिथे हौदात बसून रडावंसं वाटलं. शंभर किलोचा माणूस मी विनवणी करूनही उभा राहायला तयार नाही! नंतर पाण्याच्या टाकीपाशी त्यांना गाठलं. अंगावर पाणी घेत होते. विचारलं, काहून पडलात? ते इकडे-तिकडे पाहून म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी नाई पडलो. वस्ताद पाहून राहिले होते न."

उद्या विसर्जन आहे, गर्दीच्या आधी अकोल्याला परतते. मला आता डावाबद्दल विचारायचंच नाही. इतक्या माणसांत एकही न पडणारा माणूस कसा नाही, एवढं सांग.

प्रणाली


जठारपेठ, अकोला
२४ सप्टेंबर

दादा,

पत्र मिळालं. तुझं अख्खं पत्र मी इथे परत लिहून काढते, कारण ते माझ्या पत्त्यापेक्षा छोटं आहे. "प्रणाली, हाव. पहिल्या वर्षापासून. तुले वाईट वाटू नये म्हणून नाई सांगितलं. पाय बरोबर होता. कुलदीप."

पाय बरोबर होता!

तुला वाटलं असेल, या वाक्याने मला बरं वाटेल. मी दोन दिवस घरात भांडी आपटते आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू विचारून गेल्या, काही पडलं का? मी म्हटलं, नाही, इथे कोणीच पडत नाही.

नऊ वर्षं, दादा. त्यात एकदा तरी उभा राहायचास. घरी, अंगणात, कोणी बघत नसताना. मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते आणि मग काहीतरी वेगळं शिकले असते. मला वाईट वाटू नये म्हणून तू मला असं पाठवलंस, की वाईट वाटायची पाळी एकदम जठारपेठेच्या रस्त्यावर आली. समोरचा एक दात तुटला आहे. हे मी दोन पत्रांत लिहिलं नव्हतं, आईलाही तोंड मिटूनच बोलले. आता लिहिते, कारण तुला वाईट वाटावं अशी माझी इच्छा आहे. ही इच्छा चांगली नाही, हे मला कळतं.

पण पत्राचं खरं कारण रागिणी आहे. तो माणूस परत दिसायला लागला आहे. आणि रागिणी त्याला घाबरत नाही, त्याची वाट पाहते. काल वर्गानंतर मला म्हणाली, "मॅडम, येऊ द्या त्याले. मी आपटीनच. घरी रोज करून राहिली मी." कोणावर करतेस, विचारलं. चुलत भावावर. तो बारावीत आहे. तो पडतो.

मी तिला सरळ सांगितलं की हा डाव चालत नाही, माझं तू स्वतः पाहिलंस. ती म्हणाली, "तुमचा पाय घसरला, मॅडम." मी म्हटलं, नाही घसरला. मग ती मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "मंग तुम्ही घाबरल्या असान."

मी म्हटलं, बरं, माझ्यावर कर. पडणार नाही, असं ठरवून उभी राहिले. तिने हात खांद्यावर घेतला आणि दादा, मी पडले. शपथेवर सांगते, मला पडायचं नव्हतं. ती वळली आणि माझे पाय आपोआप सुटले. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तू नऊ वर्षं तोच चेहरा बघितलास ना? तुझ्यावरचा राग त्यामुळे कमी झालेला नाही, हे वेगळं सांगते.

ती त्या माणसाचा हात खांद्यावर घेऊन त्याला पाठ देणार आहे. एवढंच माझ्या डोळ्यांपुढे येतं. पंधरा वर्षांची मुलगी, स्वतः होऊन, मी शिकवलं म्हणून.

रविवारी ये. शाळेच्या मैदानाची परवानगी मी मोठ्या बाईंकडून घेतली आहे. बाबांना कळणार नाही. माझ्याशी बोललं नाहीस तरी चालेल. फक्त न पडायला ये.

प्रणाली


जठारपेठ, अकोला
३० सप्टेंबर

दादा,

तुझी बस सुटल्यावर मी स्टँडवर उभी राहिले तेव्हा बरंच काही बोलायचं सुचलं. समोर असताना मी फक्त "पाणी घेतलंस का" एवढंच तीनदा विचारलं.

तू मैदानात उभा होतास तेव्हा मुली मला कोपऱ्यात विचारत होत्या, मॅडम, हे तुमचे सख्खे भाऊ? हसत का नाहीत? मी म्हटलं, प्रवासाने दमलेत. तू रागिणीला म्हणालास, "ये व, आपट मले," आणि तिचं मनगट धरलंस. ती वळली, वाकली. तू उभा. तिने परत केलं. तू उभा. तिसऱ्या वेळी तिचे पाय मातीत घसरायला लागले, तरी तू नुसता खांबासारखा. मला मध्ये यावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं की सोड, पड, तिचा चेहरा बघ जरा. तुला एवढ्या लांबून मी नेमकं कशासाठी बोलावलं, ते त्या मिनिटात मीच विसरले होते. तू विसरला नाहीस.

मग एकेक करून सगळ्या आल्या. एकीच्याही डावाला तू पडला नाहीस. शेवटी रागिणी डोळे पुसत म्हणाली, "मंग जुलैपासून आमी काय केलं?" आणि तू म्हणालास, "कवायत." इतकं कडू बोलायची गरज नव्हती. खोटं होतं असं मात्र मला म्हणता येत नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी ठरवून काही केलं नाही, हे तुला सांगायचं होतं. धोबीपछाड केली, तू हलला नाहीस. आणखी जोर लावला. तू वरून म्हणालास, "पाय बरोबर हाय." तिथे माझं डोकं फिरलं. टाच तुझ्या पंजावर कधी मारली, तुझ्या कानात कधी ओरडले, मला आठवत नाही. तू "अय माय व!" म्हणून हात सोडून एका पायावर नाचायला लागलास आणि मुली पहिल्यांदा हसल्या. सूज उतरली का? ऑफिसमधून बर्फ आणला होता, तू लावू दिला नाहीस.

त्यानंतर दोन तास आपण जे केलं, ते मी आजपासून वर्गात घेते आहे. मनगट अंगठ्याच्या बाजूने ओढून सोडवायचं, टाच मारायची, ओरडायचं आणि पळायचं. दिसायला ते फार वाईट दिसतं. स्नेहसंमेलनात दाखवता येणार नाही. मोठ्या बाईंनी विचारलंच, "यात डाव कुठे आहे?"

आता अचलपूरचं. स्टँडवर तू बसची पाटी वाचता वाचता जे सांगितलंस, त्यावर मी काही बोलले नाही. बस लागली होती, हे खरं कारण नाही. सहा वर्षांपूर्वी अचलपूरला दोघांनी तुला रस्त्यात मारलं, एवढंच आम्हाला माहीत होतं. तू धोबीपछाड टाकली होतीस, हे माहीत नव्हतं. "थो पडला नाई, अन् मी वाट पाहत राहिलो." हे तू किती साधेपणाने म्हणालास. मला रात्रभर ते वाक्य सोडत नव्हतं, कारण मीही वाट पाहिली होती. वाकून, पाठ देऊन, आता पडेल म्हणून.

आणि त्यावर बाबांनी सगळ्या पोरांसमोर तुला म्हटलं, की इतक्या वर्षांचे दूध-बदाम नालीत गेले. तू दुसऱ्या दिवशी निघून गेलास. तुझा पाय चुकला असेल, असंच आम्ही सगळे धरून चाललो. आईसुद्धा.

बाबांना हे कोणीतरी सांगायला हवं. तू सांगणार नाहीस. देवमनभाऊ तर नाहीच.

प्रणाली


अमरावती
७ ऑक्टोबर

दादा,

आता तू फोन उचलतोस, तरी हे पत्रच लिहिते. फोनवर मी भलतंच बोलून जाईन. स्पीड पोस्टाने टाकते, म्हणजे दसऱ्याच्या आत मिळेल.

आधी रागिणीचं. घटस्थापनेच्या दिवशी तो आला. किराणा दुकानाच्या अलीकडे त्याने तिचा हात धरला. तिने टाच मारली, ओरडली, हात सुटला तशी धावत दुकानात शिरली. दुकानदाराने आणि दोन गिऱ्हाइकांनी त्याला तिथेच धरून ठेवलं. या वेळी तिचे वडील स्वतः चौकीत गेले आणि तिचं नाव घालून तक्रार दिली. त्याला नेलं आहे. तिला ओरखडाही नाही.

मी तिच्या घरी गेले तर ती कोपऱ्यात तोंड फुगवून बसली होती. म्हणाली, "मॅडम, पळाली मी." मी म्हटलं, शाबास. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मी परत म्हटलं, शाबास. "आपटलं नाई ना पण त्याले." मला तिला सांगायचं होतं की हेच जिंकणं आहे. शब्द तोंडाशी आले होते. पण खरं सांगू, मलाही तो आपटलेला पाहायचा होता. म्हणून तिच्या आईने दिलेला चहा प्याले.

काल घरी आले आणि बाबांना सगळं सांगितलं. तू आला होतास, हेही. संध्याकाळी त्यांनी मला आखाड्यात सोबत नेलं. देवमनभाऊंना हौदात बोलावलं आणि म्हणाले, "माहा हात धर. मी डाव टाकतो. पडू नको."

देवमनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

बाबा वळले. त्यांचा गुडघा वळताना वाजतो, मला दारापर्यंत ऐकू आला. देवमनभाऊ पडले.

"उठ. काय सांगितलं तुले?"

"हाव वस्ताद."

पुन्हा पडले. बाबा त्यांच्याकडे बघत उभे राहिले. चाळीस वर्षं त्या हौदात उभे राहून त्यांनी हजारदा हेच पाहिलं असेल, पण काल त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं, असं मला वाटलं. मग सगळ्या पोरांना घरी जायला सांगितलं. नवरात्रात, मिरवणुकीची तालीम तोंडावर असताना! हौदाच्या कडेला बसून पायांची माती काढत होते. बराच वेळ काढत होते, माती संपली तरी.

मग मला विचारलं, "कुलदीप माह्याखालीबी तसाच पडे का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही.

"अचलपूरले त्यानं हाच डाव टाकला होता?"

"हो."

"मले काहून नाई सांगितलं त्यानं?"

सगळ्या पोरांसमोर तुम्ही काय म्हणालात ते आठवा, असं मला म्हणायचं होतं. तेवढ्यात तेच म्हणाले, "सांगू कुठं देल्लं मी." आणि उठायला लागले. उठताना मी हात पुढे केला तो धरला नाही.

आज सकाळी त्यांनी तुझ्यासाठी निरोप सांगितला. मी तो शब्दाला शब्द लिहिते. "त्याले म्हणा, दसऱ्याले ये. चौकात गादीवर डाव मी टाकीन. त्यानं पडू नाई."

आई पोळ्या लाटत होती. ती मला म्हणाली, "अन् तू लिहिशील हे? गुडघे पाहिले का त्यायचे? पोट्टा उभा राहिला तं हे पडतीन. अख्ख्या चौकात." मी म्हटलं, आई, निरोप जसा आहे तसाच द्यायचा असतो. ती म्हणाली, "हाव, तू लय खरी."

म्हणून दिला आहे. त्यात माझा शब्द एकही नाही.

माझं विचारशील तर मी सकाळपासून तीनदा कागद फाडला. माझ्यासाठी पडलास त्याचा राग मला अजून आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. रागिणीसाठी पडला नाहीस, ते बरोबर केलंस. बाबांचं मला सांगता येत नाही. ते सहासष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांनी स्वतः मागितलं आहे.

शनिवारी दसऱ्याला ये. उभं राहायचं की पडायचं, ते गादीवर तुझं तू ठरव. मी ट्रॉलीपाशीच असेन, पण त्या क्षणाला तोंड फिरवून उभी राहीन. म्हणजे नंतर बाबांनी विचारलं, की तो खरा पडला का, तर मला खोटं बोलावं लागणार नाही.

प्रणाली